आधी पडायला शिकवा

खासबाग म्हटले की महाराष्ट्रातील माणसाच्या डोळ्यांपुढे कोल्हापूरचे कुस्त्यांचे मैदान उभे राहते. राजर्षी शाहू छत्रपती १९०२ साली विलायतेस गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले आणि आपल्या मल्लांसाठी तसेच गोलाकार मैदान असावे, असे त्यांच्या मनाने घेतले. १९१२ साली ते मैदान पुरे झाले. आमचे खासबाग निराळे. बेळगावात शहापूर-वडगावला लागून असलेली ही विणकरांची वस्ती. येथे कानी पडतो तो प्रेक्षकांचा जल्लोष नव्हे, तर मागांचा खडखडाट. तथापि ह्या दोन खासबागांचे नाते केवळ नावापुरतेच आहे असे मात्र नाही. बेळगाव, निपाणी, चिकोडी ह्या साऱ्या पट्ट्यात तालमीचा नाद पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. मराठीत जी तालीम तीच शेजारच्या कन्नड गल्लीत गरडी. हौद्यातली तांबडी माती मात्र दोघांची एकच. १९५९ साली पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे हे ह्याच बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्याचे. कोल्हापूरने त्यांना घडविले, आणि २०२० च्या डिसेंबरात तेथेच ते निवर्तले. १९५६ साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या, पण कुस्तीने ती रेघ फारशी मनावर घेतलेली नाही.

ह्या खेपेस कुस्तीचा विषय काढण्याचे कारण म्हणजे परमुलुखी राहणाऱ्या आपल्या घरांतून हल्ली वारंवार विचारला जाणारा एक प्रश्न. मुलगा, आणि आता मुलगीही, कुस्तीच्या किंवा ज्यूदोच्या वर्गाला जाऊ म्हणते. आजोबांना अभिमान वाटतो, वडील 'बघू' म्हणतात आणि आईच्या मनात एकच धास्ती असते : हातपाय मोडून घेतला तर? बंगळूर-हैदराबादेस काय किंवा इंदूर-बडोद्यास काय, ही धास्ती सारखीच. ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. पण तिच्यापायी मुलाला घरी बसवावे, हेही योग्य नव्हे. इजा नेमकी कोठे आणि का होते हे ठाऊक असले, म्हणजे पुष्कळशी टाळता येते.

कुस्तीचे दोन भाग सर्वांस ठाऊक आहेत. दोघे उभे राहून एकमेकांचा अंदाज घेतात, हाताला हात भिडवतात, मानेवर हात टाकून ओढतात, पट काढण्याची संधी शोधतात, ती खडाखडी. त्यानंतर एक जण खाली गेला म्हणजे जमिनीवरचे डाव सुरू होतात. पाहणाऱ्याला वाटते की खालची कुस्ती अधिक जीवघेणी, कारण तेथे पिळवटणे दिसते, चेहरे लाल होतात. वस्तुतः मोठ्या इजांचे मूळ बहुधा उभ्या झुंजीत असते. जमिनीवरच्या माणसाला आणखी खाली पडायचे नसते. उभ्याला मात्र पुरुषभर उंचीवरून खाली यायचे असते, तेही आपल्या मर्जीने नव्हे, आणि पुष्कळदा दुसऱ्याचे सत्तर-ऐंशी किलो वजन अंगावर घेऊन.

आमच्या गल्लीतील एका विणकराच्या घरची हकीकत सांगतो. मुलगा सतरा वर्षांचा, अंगाने चांगला, तालमीत दोन वर्षे घालवलेली. एका संध्याकाळी लढंतीत जोडीदाराने त्याच्यावर ढाक मारली. पाठ लागू नये म्हणून त्याने हवेतच अंग वळवले आणि जमिनीकडे हात पुढे केला. सारा भार त्या एका ताठ हातावर आला आणि खांदा निखळला. तेथल्याच कोणी अनुभवी गृहस्थांनी तो ओढून जागेवर बसवला, वरून तेल चोळले, आणि महिन्याभरात पोरगा पुन्हा हौद्यात उतरला. खांदा पुन्हा निखळला. मग आणखी दोनदा. शेवटच्या वेळी तर कुस्तीही नव्हती. फळीवरचा सुताचा गठ्ठा काढायला त्याने हात वर केला, एवढेच. हातमागावर बसणाऱ्याला एका हाताने धोट्याची दोरी ओढावी लागते आणि दुसऱ्याने फणी ठोकावी लागते. एक खांदा गेला म्हणजे माग थांबला, आणि माग थांबला म्हणजे घर थांबले. पुढे शस्त्रक्रिया झाली, कर्ज झाले. आता तो मागावर बसतो. वीस वर्षांच्या आतल्या मुलाचा खांदा एकदा निखळला की तो पुनःपुन्हा निखळण्याचा संभव फार मोठा असतो, ही गोष्ट कोणाही अस्थितज्ज्ञाने पहिल्याच दिवशी सांगितली असती. पण पहिल्या दिवशी त्याच्याकडे कोणी गेलेच नव्हते.

आता ह्यात त्या मुलाची चूक काय? माझ्या मते काहीच नाही. त्याला जे शिकवले तेच त्याने केले. आपल्या कुस्तीत पाठ जमिनीला टेकणे म्हणजेच हार. चितपट हा शब्दच पुरेसा बोलका आहे. त्यामुळे पहिल्या दिवसापासून मुलाच्या अंगात एकच गोष्ट भिनते की काहीही होवो, पाठीवर जायचे नाही. मग तो हात टेकतो, कोपर टेकतो, डोक्यावर येतो, मान मुरडून पालथा होतो. आणि वर बसलेली मंडळी 'वाहवा, सुटला!' म्हणतात. शरीरशास्त्राच्या दृष्टीने मात्र उंचावरून पडणाऱ्याला सर्वांत सुरक्षित असे काही असेल, तर ते रुंद पाठीवर, हनुवटी छातीला लावून, सारे अंग एकदम टेकणे. जी गोष्ट कुस्तीत पराभव, तीच शरीराचे रक्षण. ह्या एका विसंगतीतून खडाखडीतल्या निम्म्या इजा जन्म घेतात, असे मला वाटते.

जपानी लोकांनी ह्यावर निराळी तोड काढली. जिगोरो कानो ह्यांनी १८८२ साली तोक्योत ज्यूदोची शाळा उघडली. त्या पद्धतीत नवशिक्याला डाव शिकवण्याआधी पडणे शिकवतात. प्रथम उताणे निजून, मग उकिडवे बसून, मग अर्धवट उभे राहून आणि शेवटी पुरते उभे राहून. पडताना श्वास सोडायचा, हात मागे टेकायचा नाही, तर अंगापासून थोडा दूर ठेवून खांद्यापासून तळव्यापर्यंतचा सारा बाहू एकदम जमिनीवर आपटायचा, आणि डोके जमिनीला लागू द्यायचे नाही. नजर कमरपट्ट्याच्या गाठीकडे ठेव, असे तेथे सांगतात. म्हणजे हनुवटी आपोआप छातीला लागते. आपल्याकडे लंगोटाच्या गाठीकडे पाहा म्हणावे. काम तेच होते.

पण जपानचे उदाहरण देऊन थांबणे हा अर्धवट प्रामाणिकपणा होईल. त्याच जपानात १९८३ नंतरच्या सुमारे तीस वर्षांत शाळांतल्या ज्यूदोमध्ये शंभराहून अधिक विद्यार्थी दगावले. त्यांत डोक्याला इजा होऊन गेलेल्यांचा वाटा मोठा होता, आणि नुकतीच सुरुवात केलेली मुले त्यांत पुष्कळ होती. आपल्या बाहेरच्या टांगेशी मिळताजुळता, पाय मागून उडवून सरळ मागे पाडण्याचा एक डाव तेथे आहे. त्यात पडणाऱ्याचे मस्तक प्रथम आपटते. पडण्याची विद्या ग्रंथांत होती, पण थकलेल्या नवख्या पोरांना तगडे विद्यार्थी पुनःपुन्हा आपटत होते. अखेर २०१० साली पीडित मुलांच्या पालकांनी संघटना उभारली, आरडाओरड केली, शिक्षकांना नव्याने शिकवणे भाग पडले, आणि त्यानंतर हे मृत्यू झपाट्याने कमी झाले. पालकांनी तालमीच्या कामात नाक खुपसू नये असे मानणाऱ्या आपल्या मंडळींनी हे ध्यानी घ्यावे.

आपल्या तालमीतही पडणे शिकवता येईल, आणि त्याने कुस्तीचे तेज जरासुद्धा उणे होणार नाही. मैदान वेगळे आणि तालीम वेगळी, एवढे वस्तादांनी मनाशी ठरवले म्हणजे झाले. जत्रेच्या फडात, हजार माणसांपुढे, मल्लाने पाठ वाचवण्यासाठी जिवाचा आटापिटा केला तर ते समजण्याजोगे आहे. पण सोमवारच्या संध्याकाळी रोजच्या जोडीदाराशी लढताना डाव पुरता बसला असेल, दोन्ही पाय सुटले असतील, तर तेथे पाठ देऊन मोकळे व्हावे, उठावे, माती झटकावी आणि पुन्हा हात भिडवावा. न पडणाऱ्या पोराच्या पाठीवर थाप पडते. नीट पडणाऱ्या पोराच्या पाठीवरही तशीच थाप पडू लागली, की सवय आपोआप बदलेल.

पाडणाऱ्याचीही काही जबाबदारी असते. अमेरिकेतील शालेय कुस्तीचा एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो : ज्याने प्रतिस्पर्ध्याला उचलले, त्यानेच त्याला सुखरूप खाली आणले पाहिजे. कलाजंग घेऊन जोडीदाराला खांद्यावर उचलले, की त्या क्षणापासून त्याची मान तुमच्या हवाली झालेली असते. धरलेला हात शेवटपर्यंत सोडू नये, उलट किंचित वर ओढून धरावा, म्हणजे त्याची आपटी हलकी होते. त्याच्या छातीवर आपले अंग झोकून देऊ नये. जुन्या काळी थोर मल्ल लहान पोरांना 'खेळवीत'. आपण जोर आवरून घ्यायचा, पोराला डाव करू द्यायचा, चुकला तर हळूच खाली ठेवायचे. हा 'खेळवणे' शब्द किती अर्थपूर्ण आहे पाहा! दोघेही सदैव पूर्ण ताकदीने लढतात ती लढंत नव्हे; तो रोजचा सामना झाला, आणि रोजचा सामना कोणाचेच शरीर सोसत नाही.

गुडघ्याची गोष्ट निराळी. तो पडण्याने कमी आणि पिळवटण्याने अधिक जातो. पाऊल जमिनीत रुतलेले, वरचे अंग वळलेले, आणि तशात बाजूने भार आला, की आतले बंध तुटतात. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. पुढच्या, १९५६ च्या ऑलिंपिकची त्यांची वाट गुडघ्याच्या दुखापतीनेच अडवली. २०१६ साली रिओ येथे विनेश फोगाट हिचा गुडघा उपान्त्यपूर्व फेरीच्या झुंजीत असाच गेला आणि तिला आखाड्यातून स्ट्रेचरवरून न्यावे लागले. ती २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन परतली हे खरे, पण त्यामागे शस्त्रक्रिया आणि कित्येक महिन्यांची तपश्चर्या होती. जपानचा नामांकित ज्यूदोपटू यामाशिता ह्याच्या पायाचे हाड १९८० साली मोडले, तेही प्रतिस्पर्ध्याने दोन्ही पायांची कात्री करून त्याच्या पायावर बाजूने अंग टाकल्यामुळे. तो डाव आता ज्यूदोच्या स्पर्धांतून वर्ज्य आहे.

ह्यावरून तालमीसाठी एक गोष्ट पक्की करता येते. जोडीदाराचा पाय अडकलेला असताना त्याच्या गुडघ्यावर बाजूने बसायचे नाही, मग डाव हुकला तरी चालेल. आणि ज्याचा पाय अडकला आहे त्याने तेथेच खुंटासारखे रोवून उभे राहू नये. लंगडी घालीत त्या दिशेने जावे, नाहीतर पडावे. मातीचाही येथे संबंध येतो. हौदा रोज उकरतात तो केवळ व्यायामासाठी नव्हे. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरवलेली आणि नीट उकरलेली माती भुसभुशीत राहते, पडणाऱ्याला झेलते. मात्र पाण्याचा शिपका अधिक झाला की तीच माती चिकट होऊन पाऊल धरून ठेवते. नुसती वरवर उकरली तर खाली दगडासारखा थर तसाच राहतो. माती उकरण्याचे काम नव्या पोरांवर टाकण्याची आपली रीत आहे. ठीकच आहे, पण शेवटी वस्तादांनी अनवाणी पायांनी सारा हौदा एकदा चालून पाहावा. शहरांतल्या वर्गांत गाद्या असतात. त्यांचे सांधे उसवलेले असले आणि दोन गाद्यांमध्ये फट पडली असली, तर मुलाचा घोटा तेथेच मुरगळणार, हे भाकीत करायला ज्योतिषी नको.

मानेविषयी फार लिहीत नाही, पण एक सांगितलेच पाहिजे. पट काढायला शिरताना मुले मान खाली घालून मेंढ्यासारखी धडक देतात. मान वाकलेली असताना मस्तकावर सरळ भार आला, तर मणक्याला इजा होऊ शकते, आणि ती जन्माची असते. डोके वर, नजर समोर, पाठ सरळ आणि आधी गुडघे वाकवून खाली जायचे, हे पहिल्या महिन्यातच अंगवळणी पडले पाहिजे.

बाकीच्या बारीकसारीक गोष्टी घरातूनच सांभाळता येतात. नखे कापलेली असावीत. गळ्यातला ताईत, हातातला दोरा, कानातली भिकबाळी, बोटातली अंगठी घरी काढून ठेवावी. देव रागावत नाही. एकेक बोट धरून पिळणे नियमातही बसत नाही, हे मुलाला सांगून ठेवावे. कान सुजला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा; मोडका कान हे पैलवानाचे भूषण, ही समजूत ज्याची त्याने ठेवावी. धनुर्वाताची लस वेळच्या वेळी घेतलेली असावी, मातीत उतरणाऱ्याने तर नक्कीच. आणि दूरदर्शनवर कुस्ती पाहून दिवाणखान्यात सतरंजीवर भावंडांची जी ढाक आणि धोबीपछाड चालते, ती ताबडतोब बंद करावी. सतरंजीखाली फरशी असते.

आता इजा झालीच तर काय करावे? आपल्याकडे पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. पहिले दोन दिवस चोळणे नको, शेकणेही नको. त्याने आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे लावावा, भाग बांधून उंच ठेवावा. खांदा निखळलेला दिसला तर कोणालाही ओढू देऊ नये; हात आहे त्याच स्थितीत उपरण्याने गळ्यात अडकवून दवाखाना गाठावा आणि क्ष-किरण चित्र काढून घ्यावे. गुडघ्यात 'कट्' असा आवाज होऊन काही तासांतच तो टम्म फुगला, तर आतला बंध तुटला असण्याचा दाट संभव असतो. चालता येते म्हणून दुर्लक्ष करू नये. मस्तक आपटून मूल क्षणभर जरी भांबावले, तरी त्या दिवशी पुन्हा लढायचे नाही, हा नियम आज जगभर मानला जातो. त्यानंतर उलट्या, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे किंवा अनावर झोप दिसली, तर रात्र काढू नये. तडक रुग्णालयात न्यावे. आणि पडल्यावर हातापायांना मुंग्या येत असतील, मान दुखत असेल, तर त्याला उठवून बसवू नये, पाणी पाजायला मान उचलू नये. जाणकार माणसे येईपर्यंत होता तसा निजू द्यावा. धीर धरणे अवघड जाते, पण येथे घाई घातक ठरते.

मुलाला कोठे घालावे, हा प्रश्न उरतो. पदकांच्या तसबिरी पाहून ठरवू नका. दोन संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसा आणि शेवटच्या अर्ध्या तासाकडे विशेष लक्ष द्या, कारण जोर-बैठकांनी पोरे थकलेली असतात आणि तेव्हाच अपघात अधिक होतात. जोड्या वस्ताद लावतात की पोरे आपसांत ठरवतात, हे पाहा. पन्नास किलोच्या मुलाला ऐंशी किलोच्या गड्यापुढे कोणी उभे केले, तर तो त्याला खेळवतो आहे की आपटतो आहे, हे तुम्हांलाही कळेल. एखादा 'सोड' म्हणाला तर जोडीदार तत्क्षणी सोडतो का, की हसून आणखी पिळतो? 'सोड' म्हणणाऱ्याची चेष्टा होते का? दुखावलेला पोरगा बाजूला बसला आहे की बांधलेल्या गुडघ्यानेच लढतो आहे? आणि वस्तादांना सरळ विचारा : 'आमच्या मुलाला पहिल्या महिन्यात काय शिकवाल?' ते डावांची नावे सांगू लागले, तर आणखी एक तालीम पाहा. आधी पडायला शिकवू म्हणाले, तर त्याच दिवशी नारळ द्या आणि नाव घाला.